मोहगाव काहून जाळलं?

...नाही, पण मले एक सांगा राजेहो, गाव जाळाची काय गरज होती? पार्ट टू काढाचा होता ना, काढा! पाणी चकाचक करा, घोडे द्या, राक्षसाले दोनाच्या जागी चार शिंगं लावा, आपलं काही म्हणणं नाही. पण बसलं-बसवलेलं गाव सुरुवातीलेच पेटवून द्याचं? ज्या गावात आमी मरमर करून घरोघरी पाव पोचवले, ज्याच्या-त्याच्या बकऱ्या शोधून दिल्या, त्या गावाची राखुंडी? अन् वरतून डब्यावर लिहितेत काय, तर 'एक नवा अनुभव'! हौ, आला ना अनुभव! माह्या घरी सासूनं अन्न सोडलं, याच्याहून मोठा अनुभव कोणता पाहिजे? पहिला भाग तो पहिला भाग, तुमाले सांगतो!

आता तुमी म्हणान, कम्प्यूटरच्या गेमचा अन् सासूचा काय संबंध? थांबा ना, सांगतो. मी विवेक. बालाघाटले सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन. दिवसभर नकाशे काढाचे अन् संध्याकाळी घरी येऊन गेममधले नकाशे पाहाचे, असा आपला संसार. गेमचं नाव 'आयर्न लँटर्न'. म्हणजे लोखंडी कंदील. कंदील कायले म्हणतेत ते मले शेवटपर्यंत समजलं नाही, पण गेल्या साली, म्हणजे दोन हजार दोनले, आपल्या इथं लाईट इतकी जात होती का कंदील हे नाव मले एकदम घरचं वाटलं. गेम असा का तुमी एक शिपाईगडी, अंगात चिलखत, कमरेले तलवार, अन् तुमाले तुमचं नाव द्याचं राहते. म्या दिलं, 'विवेक'. मंग सारे लोकं इंग्रजीत म्हणाचे, 'या विवेक, आमचं गाव वाचवा विवेक!' ऑफिसात तर कोणी 'अहो विवेक' म्हणून चहा नाही विचारत. मले बरं वाटे, खोटं कायले सांगू?

तर त्याच साली माह्ये सासरे वारले. तेजरामजी. किरनापुरले हेडमास्तर होते. अख्खं किरनापुर त्याहिले भ्याचं, अन् घरी तर विचारूच नका! सकाळी उठल्यापासून सुरू, "चहा थंड हाय! पाणी गरम हाय! चष्मा कुठं ठेवला? ठेवला तर मले काहून नाही सांगितलं?" अन् चष्मा डोक्यावर! सासू, चंपाबाई, पदरात तोंड घालून हासाची, अन् त्याहिले दिसलं का पुन्हा सुरू, "हासाले काय झालं?" जनमभर हेच. अन् एक दिवस ते सारं बंद झालं. म्हणजे माणूसच गेला.

अन् त्या माणसासंगं सासूचा आवाज बी गेला. बोलेचना! दीप्ती, म्हणजे आमची मिसेस, तिले बालाघाटले घेऊन आली. आई चहा घेते? "हौ." आई, बाजारात येतं? "नाही." संपलं. डॉक्टर म्हणे, "शरीराले काही नाही, मन रमवा." आता मन कसं रमवाचं, हे काही चिठ्ठीवर लिहून नाही दिलं त्यानं. अन् आमचं घर केवढं? दोन खोल्या. सासूची खाट टाकली कम्प्यूटरवाल्या खोलीत. मी ऑफिसातून येतो, गेम लावतो, अन् मागं खाटेवर सासू, डोक्यावर पदर, भिंतीकडं तोंड. मले सांगा, मागं सासू बसली असताना राक्षस मारता येते का माणसाले?

एक दिवस काय झालं, मी गावाबाहेर घाईघाईत निघालो, अन् सरळ वावरातून घुसलो. गेममधल्या वावरातून हो! गव्हाचं वावर होतं, वाऱ्यावर हालून राह्यलं होतं. तेवढ्यात मागून आवाज...

"जवाईबापू, त्याले बांधावरून जा म्हणा ना. पीक तुडवून राह्यला तो."

बाप्पा! तलवार राह्यली हवेत! स्वयंपाकघरातून दीप्ती पळत आली, हाताले कणीक, "कोण बोललं? आई बोलली?" म्हणलं, "बोलली." "काय बोलली?" "मले बोलली! वावरातून काहून चालतो म्हणून!" अन् दीप्ती रडाले लागली तिथंच, कणकेच्या हातानं डोळे पुसून राह्यली. मी उभा. म्हणजे गेममधला बी उभा अन् मी बी उभा. मंग दोघं बी बांधावरून गेलो.

झालं! त्या दिवसापासून सासूच्या सूचना सुरू. "त्या पोट्टीले पाव देऊन द्या." "आई, तो पाव मले लढाईत लागते." "लढाई उद्या करजा. पोट्टी आज उपाशी हाय." दिला पाव. त्या गेममधी तशी सोयच होती, कोणाच्या बी घरात शिरा, बसा, बोला, पाव द्या, हालहवाल विचारा. गावाचं नाव मॉरगोव्ह का काय होतं, सासू म्हणे, "मोहगाव होय." घ्या! आपल्याकडं दर चौथं गाव मोहगाव, एक तिथं बी असन, जाते काय?

अन् मंग एक दिवस मी ऑफिसातून आलो तर माउस सासूच्या हातात! आधी खाटेवर होती, मंग पाटावर आली, मंग स्टुलावर, अन् आता माह्या गोल फिरत्या खुर्चीत, पदर डोक्यावरच, पण पाय वर घेऊन मांडी घातलेली. मले पाहून उठाले लागली, "जवायासमोर खुर्चीवर नाही बसत बाई..." म्हणलं, "बसा आई, बसा." अन् बसली ते बसलीच! मी आता स्टुलावर! अन् स्क्रीनवरचा विवेक, अंगात चिलखत घातलेला शूरवीर विवेक, काय करून राह्यला होता? लाकडं वाहून राह्यला होता. कोण्या म्हातारीच्या घरी. दीप्ती मागून म्हणते, "पाहा, तिथला विवेक कसा ऐकते आईचं!"

आता मुद्द्याचा माणूस ऐका. त्या मोहगावात एक विहीर, अन् विहिरीवर एक म्हातारा, हार्विन. त्याचं काम एकच, पाणी भराले आलेल्यावर खेकसणं. त्याच्यावर क्लिक केलं का खाली अक्षरं येत. सासूले इंग्रजी येत नाही, तर विचारे, "काय म्हणते हा?" म्या वाचून सांगितलं, "म्हणते, पुन्हा आलास का? पाणी काही फुकट नाही." पुन्हा क्लिक. "आता काय म्हणते?" "म्हणते, बादली नीट धर, उचलता येत नाही तर येतोस कायले?"

सासू पाहातच राह्यली. अन् मंग पदर तोंडाले लावला, अन् हासली. हासली हो! "अगाई! हे तर हुबेहूब तेच!"

तेच म्हणजे कोण, हे विचाराची काही गरज नव्हती. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं हरबाजी. रोज संध्याकाळी, दिवाबत्ती झाली का आधी हरबाजीकडं. पाच-सहाच वाक्यं होती त्याची, तीच फिरून फिरून येत, तिले पाठ झालती. अक्षरं आली का मी वाचाच्या आधी तीच म्हणे, "पाणी फुकट नाही? नको देऊ जाय, आमच्या वैनगंगेले मोप पाणी हाय!" अन् हासे. मंग स्वयंपाकघरात जाऊन दीप्तीले सांगे, "आज लय तापला होता." अन् संग भाजी निवडे. मंग बाजारात जाऊ लागली, भाजीवालीसंग भांडू लागली, चिनोरचा भात दोन-दोन डाव मागून घेऊ लागली. लाईट जाईन म्हणून सेव्ह कराले शिकली. यूपीएस ओरडलं का घरातून कुठून बी पळत ये, "सेव्ह करा! सेव्ह करा!" शेजाऱ्याले वाटे आमच्या इथं कोणाले तरी वाचवून राह्यले. एक बी राक्षस मारला नाही तिनं, राक्षसाचा काळा किल्ला कुठं हाय पाह्यला बी नाही, अन् तरी पण तो गेम ती जितून राह्यली होती. पहिला भाग तो पहिला भाग!

अन् मंग आमच्या डोक्यात किडा आला. नाही, किडा दुलीचंदनं घातला. काली पुतळी चौकाजवळ त्याचं सीडीचं दुकान. नागपूरले जाते, थैलाभर आणते. मले पाहून ओरडला, "भैया! आ गया पार्ट टू! पार्ट वन को भूल जाओगे! अरे पानी ऐसा बनाया है, पानी ऐसा बनाया है कि देखोगे तो प्यास लगेगी!" म्हणलं, "दे बावा." मले वाटलं, सासूले पार्ट वन इतका आवडला, तर पार्ट टू पाहून ती खुर्चीतून उठणारच नाही. नवा हरबाजी, नवे शब्द, आणखी काय पाहिजे?

रविवार धरला. दीप्तीनं भजे काढले. सासू इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत. म्या सीडी लावली. आधी संगीत, असं का अंगावर काटा. मंग पाणी. दुलीचंद खोटं नव्हता बोलला, पाणी खरंच पाण्यासारखं होतं. सासू म्हणे, "अबब, किती निर्मळ!" मंग अक्षरं आले, 'दहा वर्षांनंतर'. मंग धूर. मंग मोहगाव.

घरं काळी पडलेली. म्हातारीचं घर, जिच्या इथं विवेकनं लाकडं वाहली, त्याच्या नुसत्या भिंती. अन् कॅमेरा फिरत फिरत जाते कुठं? विहिरीवर! अन् तिथं हरबाजी. बादली बाजूले, अन् हा आडवा. अन् पाणी चकाचक केलं तसं हे बी चकाचक केलं होतं मेल्याहिनं! पार्ट वनमधी त्याले नाक-डोळे बी धड नव्हते, नुसते ठोकळे. अन् आता मेल्यावर त्याले पापण्या दिल्या!

मी मनात म्हणून राह्यलो, लाईट जा. जा ना बाई! वर्षभर जेव्हा नाही पाहिजे तेव्हा गेली, कवा भात शिजताना, कवा नळ आला असताना, अन् त्या दिवशी? पुरा वेळ ठाण मांडून बसली!

सासू उठली. बाथरूममधी गेली अन् डोक्यावरून आंघोळ करून आली. दीप्तीनं माह्याकडं पाह्यलं. भज्यांचं ताट तसंच. सासू खाटेवर, भिंतीकडं तोंड. रात्री जेवली नाही. सकाळी चहा? "नाही." आई, बरं नाही वाटत का? "नाही." झालं, आलो आपण जिथल्या तिथं! मी जाऊन बसलो, म्हणलं, "आई, अहो खोटं राहते ते. चित्रं हायेत नुसते."

तर म्हणते, "मले समजते जवाईबापू. मी काही येडी नाही. पण दाखवाची काय गरज होती? एक डाव पाह्यलं होतं ना म्या. तेवढं पुरे होतं."

म्या म्हणलं, "बरं, मी पहिलाच भाग लावून देतो, तिथं हरबाजी हायच ना, जित्ता हाय, विहिरीवर बसून हाय." तर म्हणते, "कसं जाऊ आता तिथं? तो म्हणन पाणी फुकट नाही, अन् मले माहीत, का याचं पुढं काय होणार हाय. हासू कसं येईन मले?"

म्हणजे पाहा राजेहो! या पार्ट टूवाल्याहिनं पार्ट टू तर बिघडवलाच, माह्या घरचा पार्ट वन बी बिघडवून टाकला! असं कुठं राहते का?

गेलो तणतणत दुलीचंदकडं. "गांव क्यों जलाया बे?" तो म्हणते, "भैया, मैंने थोड़ी जलाया! मैं सीडी बेचता हूँ, माचिस नहीं बेचता!" म्हणलं, "घर में सास खाना नहीं खा रही!" तो गंभीर झाला. म्हणे, "आगे खेलो भैया. सुना है कुछ लोग बच गए हैं, पहाड़ में छुपे हैं." मंग काय करतो? ऑफिसात अर्ज दिला, घरी आजारपण. खोटं होतं का? नव्हतं. अन् बसलो पार्ट टू खेळाले, हरबाजीच्या गावचे लोकं शोधाले.

अन् काय भिकार गेम राजेहो! घोडा दिला, पण घराचे दरवाजे सारे चित्रातले, एक उघडत नाही. पार्ट वनमधी कोणाच्या बी चुलीपर्यंत जात होतो आपण! पाव तर गेमातूनच काढून टाकला, त्याच्या जागी निळी दवाई अन् लाल दवाई. लोकाहिले नावं नाहीत, डोक्यावर लिहिलं, 'गावकरी'. 'गावकरी', 'गावकरी', 'गावकरी'! तुमी मोहगावचे का? तर म्हणते, "सावध राहा!" अबे, सावध राहतो, पण हालहवाल तर सांग! नाही. पहिला भाग तो पहिला भाग! मारत मारत, पडत उठत, पहाडात पोचलो. तिथं तंबू, अन् एका तंबूपाशी एक म्हातारी बसलेली. तिच्यावर क्लिक केलं अन् तिनं सांगितलं का ती कोण हाय. म्या माउस सोडला अन् ओरडलो, "आई! इकडं या! हरबाजीची बायको भेटली!"

खाट वाजली. सासू आली, उभ्यानंच पाह्यलं.

"याले बायको होती?"

म्हणलं, "दिसते तर."

"सांगितलं नाही मेल्यानं कधी!" अन् अशी चिडली! मले वाटलं आता कानशिलात देते स्क्रीनच्या. "रोज जात होतो मी त्याच्या इथं, एक डाव नाही म्हणला का घरी बायको हाय म्हणून! काय म्हणते ते?" म्या वाचलं. "म्हणते, जगाले पाणी पाजून आला का मले म्हणे, घागर रिकामी काहून हाय? जनमभर असंच बोलला. आता कोणी बोलत नाही."

सासू खुर्चीत बसली. पदर सरकला, तिले ध्यान नाही. स्क्रीनवर खाली तीन उत्तरं आले, त्याच्यातलं एक निवडाचं राहते. म्हणे, "वाचा." म्या वाचलं. "एक, गाव कोणं जाळलं? दोन, खजिना कुठं हाय? तीन, निघतो मी."

"अन् जेवलीस का, हे कुठं हाय?"

"ते नाही आई."

"पाहा ना नीट."

पाह्यलं. वर पाह्यलं, खाली पाह्यलं, सारे बटनं दाबून पाह्यले. नव्हतं. पहाडात तंबूत बसलेली बाई, घर जळलं, माणूस गेला, अन् तिले तीन गोष्टी विचारता येतेत, त्याच्यात जेवलीस का हे नाही! खजिना हाय! सासूनं माउस घेतला अन् काही न निवडता नुसती त्या बाईकडं पाहात राह्यली. ती बाई बी पाहात होती. हालचाल करत होती जराशी, श्वास घेतल्यासारखी. तेवढं मात्र चांगलं बनवलं होतं, कबूल करतो.

मंग सासू उठली, म्हणे, "दीप्ती, भात हाय का थोडा?"

खाल्लं. वरण-भात, वांग्याची भाजी, लोणचं. आमी दोघं तोंडाकडं पाहून राह्यलो. हात धुतला अन् म्हणते, "मले किरनापुरले सोडून द्या. घर बंद करून आलो तसंच हाय. तिचं तर जळलं बिचारीचं. माह्यं उभं हाय ना? उभ्या घराले कुलूप लावून इथं भिंतीकडं पाहात कायले बसू?"

दीप्ती म्हणे, "एकटी राहशीन?" सासू म्हणे, "राहीन." अन् मंग माह्याकडं वळून, एकदम जावयाशी बोलाच्या सुरात, पदर डोक्यावर ओढून, लय अदबीनं म्हणते, "एक विचारू का जवाईबापू? हे यंत्र मले नेता येईन का?"

आता दीप्ती माह्याकडं पाहते, सासू माह्याकडं पाहते, मी कम्प्यूटरकडं पाहतो. नाही म्हणाची हिंमत हाय का तुमच्यात कोणाच्या? असन तर हात वर करा! कमांडर जीप सांगितली. सीपीयू पायाशी, यूपीएस माह्या मांडीवर, अन् मॉनिटर गोधडीत गुंडाळून सासूच्या मांडीवर, नातवाले घेतल्यासारखा. किरनापुर येईपर्यंत ड्रायव्हरले सांगत होती, "हळू रे बापा, गड्ड्यातून हळू!" कुलूप उघडलं, झाडलं, सासऱ्याच्या टेबलावर कम्प्यूटर मांडला. त्याहिचा चष्मा तिथंच होता, तिनं उचलला, पुसला अन् खिडकीत ठेवला. म्या पार्ट वन लावून दिला. म्हणलं, "आई, पण तुमी तर म्हणत होत्या का हरबाजीकडं आता जाववत नाही?"

म्हणे, "जातो. पण त्याले काही सांगत नाही मी. आपलं पाणी भरतो, बोलणं ऐकतो अन् येतो. माणूस हाय तवरक भांडून घ्यावं."

आता कोणी मले म्हणन, पाहा विवेकराव, पार्ट टूमुळंच सासूबाई घरी गेल्या. दीप्ती तर रोज म्हणते! नाही! याचं श्रेय म्या पार्ट टूले नाही देत! गाव जाळणाऱ्याले श्रेय कायचं? सासू तिकडं मजेत हाय. शेजारच्या बाया जमतेत संध्याकाळी, सारे मोहगावात फिरतेत, हरबाजीच्या शिव्या खातेत. शेजारच्या गुरुजीच्या घरून फोन करते, "जवाईबापू, लाईट गेली अन् सेव्ह राह्यलं, आता काय करू?" मी इकडून सांगतो. तिकडं विवेक लाकडं वाहून राह्यला हाय, अन् इकडं विवेक ऑफिसातून येते अन् रिकाम्या टेबलासमोर बसून चहा पिते.

अन् पार्ट टूची सीडी? राह्यली इथंच. लावाची कुठं? दीप्तीनं गच्चीवर दोरीले टांगली, खाली डाळीच्या बड्या वाळत घातल्या. म्हणते, चमकलं का पाखरं येत नाही. काल पुरी दुपार मी वर बसून पाह्यलं... एवढ्या बड्या, एवढं ऊन, अन् तिच्या आसपास कोणी फिरकलं नाही. शेवटी उठून खाली आलो. काय करता राजेहो... पार्ट टूले कावळाबी शिवत नाही.